काळ्या पाण्यातले मासे, काठावरची माणसं: बोर्निओच्या पीट-जंगलात क्षेत्रअभ्यास कसा करावा

पहिल्या रात्री आम्ही दहा सापळे लावले आणि सकाळी त्यातल्या सहांमधले मासे मेलेले निघाले. सापळे मी शिकल्याप्रमाणे पूर्ण बुडवून लावले होते. बरोबर आलेल्या मासेमार काकांनी (तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ म्हणतात) एक मेलेला ‘पापुयू’ मासा उचलला, अंगठ्याने त्याचा कल्ला वर केला आणि आतला वळ्यावळ्यांचा अवयव मला दाखवला. मग एकही शब्द न बोलता त्यांनी एक सापळा बांबूला असा बांधला, की त्याचा वरचा चार बोटं भाग पाण्याबाहेर राहील. या पाण्यात प्राणवायू इतका कमी असतो की इथल्या कितीतरी माशांना वर येऊन हवा घ्यावीच लागते. वर यायला वाट नसेल तर मासा पाण्यातच गुदमरतो.

पीटच्या दलदलीतल्या जंगलात माशांचा अभ्यास आणि मासेमारांचा अभ्यास हे दोन वेगळे प्रकल्प होऊच शकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. ते त्या सकाळी तयार झालं. मत्स्यविज्ञान, पर्यावरणशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या आणि अशा कामाला जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. उदाहरण एकाच जागेचं घेते: इंडोनेशियातल्या मध्य कालिमंतान प्रांतातलं सेबांगाऊ.

जाण्याआधी: जागा समजून घ्या

झाडांची पानं, मुळं, खोडं पाण्यात पडून राहतात, प्राणवायूअभावी पुरती कुजत नाहीत आणि हजारो वर्षांत त्यांचा थरावर थर चढतो. हा झाला पीट. सेबांगाऊत काही ठिकाणी तो १० मीटरपेक्षा जास्त खोल आहे. या घुमटासारख्या थराला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. पानांतून उतरलेल्या आम्लांमुळे पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा आणि सामू ३ ते ४ च्या आसपास. स्थानिक लोक त्याला ‘आइर हितम’ म्हणतात, काळं पाणी. इतक्या आंबट पाण्यात काय जगणार, असं शास्त्रज्ञही बराच काळ समजत होते. पण जगातल्या सर्वांत लहान माशांपैकी एक, पेडोसायप्रिस प्रोजेनेटिका, सुमात्राच्या अशाच पीट-दलदलीतून २००६ साली जगापुढे आला. प्रौढ मादीची नोंदलेली सर्वांत कमी लांबी ७.९ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी.

इतिहासही वाचून जा, कारण गावातली प्रत्येक मुलाखत तिथेच येऊन पोहोचते. सेबांगाऊ नदीच्या पूर्वेला १९९० च्या दशकाच्या मध्यात सरकारने सुमारे १० लाख हेक्टर पीटजमिनीवर भातशेतीचा महाप्रकल्प काढला. हजारो किलोमीटर कालवे खणले गेले, पीटमधलं पाणी वाहून गेलं, भात पिकला नाही आणि १९९७ च्या कोरड्या साली ती जमीन पेटली. पीट जमिनीखालून जळतो, वरून विझल्यासारखा दिसला तरी आत धुमसत राहतो. नदीच्या पश्चिमेकडच्या जंगलात भातशेती झाली नाही, पण बेकायदा तोडलेले ओंडके वाहून नेण्यासाठी लाकूडतोड्यांनी लहान लहान कालवे काढले. २००४ साली हे जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे २०१५ आणि २०१९ सालीही मोठ्या आगी लागल्या. कालवे, आगी आणि उद्यानाची हद्द या तिन्ही गोष्टींनी मासेमाराची रोजची वाट बदलली आहे.

परवाने: किमान सहा महिने हातात ठेवा

पर्यटक व्हिसावर जाऊन ‘थोडं काम करून येऊ’ असं मनातही आणू नका. परदेशी संशोधकाला ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेचा परवाना लागतो आणि त्याआधी नैतिक मंजुरी. तिथली एखादी संस्था भागीदार असावी लागते. पालांका राया विद्यापीठाचं पीट-जंगलावर अनेक वर्षांचं काम आहे, त्यामुळे चौकशीची सुरुवात तिथून करणं योग्य. उद्यानात शिरायला ‘सिमाक्सी’ नावाचा वेगळा प्रवेशपरवाना लागतो. नमुने, अगदी माशाच्या पराचा तुकडासुद्धा, देशाबाहेर न्यायचा तर नमुना-हस्तांतरणाचा करार हवा. तो नसेल तर २०१९ च्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. माझा सल्ला असा की नमुने बाहेर नेऊच नका. तिथल्याच प्रयोगशाळेत, तिथल्याच विद्यार्थ्यांबरोबर काम करा आणि संदर्भनमुने इंडोनेशियाच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहाकडे जमा करा.

कागद पूर्ण झाले की गावच्या प्रमुखाकडे स्वतः जा. पत्र पाठवून भागत नाही. चहा-कॉफी होईल, इकडच्या तिकडच्या गप्पा होतील, तुमचं लग्न झालंय का हे विचारलं जाईल. घाई करू नका. परवानगी त्या तासाभरातच मिळत असते.

पहिला महिना: मोजू नका, बसा

इंडोनेशियन भाषा शिकूनच जा. मराठी माणसाला ती त्यामानाने लवकर येते: भाषेला ‘बहासा’, माणसाला ‘मानुसिया’, नवऱ्याला ‘सुआमी’. पण नदीवर घराघरांत न्गाजू दायाक किंवा बांजार बोलली जाते आणि माशांची नावं त्याच भाषांत आहेत. म्हणून गावातला एक सहकारी पगारावर घ्या, नुसता ‘वाटाड्या’ म्हणून नव्हे, तर निबंधावर त्याचं नाव लागेल या बोलीवर.

पहिले तीन-चार आठवडे वही बंद ठेवून नावेत बसा. लहान वल्ह्याच्या होडीला ‘जुकुंग’ म्हणतात, इंजिनाच्या मोठ्या नावेला ‘क्लोतोक’. पहाटे जाळी काढायला जा, दुपारी मासे साफ करणाऱ्या बायकांमध्ये बसा, संध्याकाळी व्यापाऱ्याच्या धक्क्यावर थांबा. या काळात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची: पाणी कधी चढतं, कधी उतरतं आणि त्यासोबत काय काय हलतं.

आपल्याकडे मृगाच्या सरी आल्या की मासे चढणीला लागतात. कोकणात वलगण म्हणतात ती हीच. सेबांगाऊत साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पाणी चढू लागलं की मासे नदी सोडून जंगलात शिरतात, झाडांच्या मुळांमध्ये चरतात, अंडी घालतात. आपल्याकडे ते भाताच्या खाचरात येतात, तिथे झाडांखाली. भरल्या पाण्यात मासा पांगलेला असतो, म्हणून जाळ्याला कमी लागतो. मे-जूननंतर पाणी उतरू लागलं की तो जंगलातून नदीकडे परततो आणि त्या वाटांवर प्रवाहाच्या तोंडाशी ‘सेलांबाऊ’ नावाची मोठी जाळी लागतात. पूरमैदानात लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लांबट तळी खणून ठेवली आहेत, त्यांना ‘बेजे’ म्हणतात. पुरात मासे आपणहून त्यात शिरतात, पाणी उतरलं की तिथेच अडकतात आणि कोरड्या दिवसांत घरातली सगळी माणसं मिळून ते काढतात. ज्याला बेजे समजली, त्याला निम्मं सेबांगाऊ समजलं.

मोजपट्टी: सगळ्या नोंदींचा खुंटा

पहिलं उपकरण बसवायचं ते पाण्याची पातळी दाखवणारी मोजपट्टी. ती पीटमध्ये खांब ठोकून लावू नका. पीट पाणी पिऊन फुगतो, सुकला की खचतो, आणि खांबही त्याच्याबरोबर वरखाली होतो. मग सहा महिन्यांची नोंद पाण्याची आहे की खांबाची, कळत नाही. नदीत धक्क्याच्या पक्क्या, खाली घट्ट मातीपर्यंत गेलेल्या खांबाला पट्टी बांधा. जंगलात भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप पीटच्या खालच्या घट्ट थरापर्यंत उतरवा आणि आतलं पाणी मोजा. रोज सकाळी एकाच वेळी एक आकडा लिहायचा. त्यासाठी धक्क्याजवळ राहणाऱ्या एखाद्या घराला महिन्याचं मानधन द्या.

पुढचं सगळं, म्हणजे सापळ्यातले मासे, मुलाखती, बाजारभाव, या एका आकड्याला बांधायचं. ‘१२ ऑगस्ट’ या तारखेला तिथे काही अर्थ नाही. ‘पाणी पट्टीवर ४० सेंमी, उतरणीला’ याला आहे.

पाणी तपासताना

रंगावरून सामू सांगणारे कागद किंवा बाटलीतले संच इथे निरुपयोगी, कारण पाण्यालाच चहाचा रंग आहे. इलेक्ट्रोडचा मीटर घ्या, रोज ४ आणि ७ च्या द्रावणांवर तो जुळवून घ्या आणि आकडा स्थिर व्हायला पाच-सात मिनिटं द्या. क्षार कमी असल्याने तो सावकाश बसतो. घाईत घेतलेले सामू पुढे कितीही आकडेमोड केली तरी सुधारत नाहीत. विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि दुपारी असा दोनदा मोजा, कारण पहाटेचा आकडा माशांच्या अडचणीचा असतो. तापमान, वाहकता, खोली आणि डोक्यावर झाडाची सावली किती, इतकं पुरे.

मासे कसे धरायचे

जागा निवडताना पाण्याचे प्रकार वेगळे ठेवा: मुख्य नदी, पुराखालचं जंगल, कालवा, जळून उघडं पडलेलं मैदान, जंगलातली डबकी. प्रत्येक प्रकारात किमान तीन-चार ठिकाणं घ्या आणि वर्षभर तीच ठेवा.

साधनं मासेमारांचीच वापरा. एक तर ती त्या पाण्याला रुळलेली असतात, दुसरं म्हणजे तुमचे आकडे त्यांच्या मासळीशी ताडून बघता येतात. ‘बुबू’ हा वेताचा किंवा बांबूचा लांबट सापळा, ‘तांपिराई’ हा तारेच्या जाळीचा पेटीसारखा, ‘रेंगे’ हे पाण्यात उभं टाकायचं जाळं, शिवाय गळ आणि आपल्या पागासारखं फेकजाळं. सापळा लावताना सुरुवातीची गोष्ट विसरू नका: वरचा भाग हवेत. पाणी चढायचे दिवस असतील तर रात्रीत वाढ किती होईल हे विचारून तेवढी जागा जास्त ठेवा. याने कासवंही वाचतात. उभी जाळी रात्रभर सोडून झोपू नका, दोन तासांनी फेरी मारा. बोटभर लांबीच्या आतले मासे या कशातच लागत नाहीत. त्यांच्यासाठी बारीक जाळीचा हातझारा घेऊन कुजलेल्या पानांचा थर चाळावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. तसल्या पानांतच लहान रास्बोरा आणि जंगली बेट्टा, म्हणजे दुकानातल्या फायटर माशाची भावंडं, दडलेली असतात.

मासा हाती आल्यावरचा क्रम ठरलेला असू दे. पाण्याच्या बादलीत ठेवा आणि बादली सावलीत. हात ओले करूनच उचला. जिवंतपणीच डाव्या बाजूचा फोटो, शेजारी पट्टी, कारण रंग काही मिनिटांत उतरतो. लांबी दोन प्रकारे घ्या, शेपटीच्या मुळापर्यंत आणि टोकापर्यंत. शेपटी कुरतडलेली असली तर पहिली कामाला येते. वजन वाऱ्यापासून आडोसा करून. मग जिथे धरला तिथेच सोडा. ओळख पटत नसेल, तरच परवान्यात बसेल इतका नमुना ठेवा: लवंगतेलाने भूल द्या, डीएनएसाठी परांचा तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये आणि मगच मासा फॉर्मॅलिनमध्ये. क्रम उलटला तर डीएनए गेलं. तिथे ‘सिलुक’ म्हणतात तो आशियाई अरोवाना अडकला, तर नोंद करून लगेच सोडून द्या. तो साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे.

नावांची यादी

हे काम वर्षभर चालतं. मरळ कुळातले ‘हारुआन’, ‘तोमान’ आणि ‘केरांदांग’ हे तीन मासे लोक डोळे झाकून वेगळे सांगतात आणि शास्त्रही त्यांना तीन जाती मानतं. पण ‘लाइस’ या एका नावाखाली पारदर्शक अंगाच्या मागूरवर्गीय माशांच्या अनेक जाती येतात, आणि ‘सेलुआंग’ म्हणजे चिमुकल्या रास्बोरांचा अख्खा घोळका. उलट एकाच जातीला लहानपणी एक आणि वाढल्यावर दुसरं नाव असंही होतं. सुरुवातीच्या गोष्टीतला ‘पापुयू’ हाच इंडोनेशियनमध्ये ‘बेतोक’. तेव्हा फोटोंचा गठ्ठा घेऊन कमीत कमी दहा वेगवेगळ्या घरांत बसा. नाव विचारा, पण ‘हा त्याच्यापासून वेगळा कसा ओळखता?’ हे त्याहून महत्त्वाचं. उत्तर कधी काट्यावरून येतं, कधी चवीवरून, कधी तो कुठल्या पाण्यात सापडतो यावरून. आणि बायकांना वेगळं विचारा. मासा कापणाऱ्या हाताला त्याच्या पोटातली अंडी कधी दिसतात हे माहीत असतं. विणीचा हंगाम मला पहिल्यांदा कळला तो असाच, चुलीशेजारी.

मासळीची रोजनिशी

संपूर्ण अभ्यासात सर्वांत मोलाची वही ही. पंधरा-वीस घरांना छापील वह्या द्या आणि रोजच्या मासळीची नोंद त्यांनीच करू द्या. साधन कोणतं, किती नग, किती रात्री, कुठल्या प्रकारच्या पाण्यात, काय मिळालं, किती किलो, त्यातलं किती विकलं, किती घरी खाल्लं, किती सुकवलं किंवा ‘वादी’ घातली. वादी म्हणजे मीठ आणि भाजलेल्या तांदळाची पूड लावून मुरवलेला मासा. घरी खाल्लेला मासा व्यापाऱ्याच्या वहीत कधीच दिसत नाही, आणि गावाच्या पोटाला आधार तोच असतो. रिकाम्या हाताने परतलेला दिवससुद्धा लिहायला सांगा. शून्य लिहायला लोक कचरतात आणि ते शून्य गेलं की सरासरी खोटी होते.

नुसते किलो पाहून निष्कर्ष काढू नका. समजा एका महिन्यात कुणी २० सापळे २ रात्री लावले आणि ६ किलो मासळी मिळाली. सापळा-रात्री झाल्या ४०, म्हणजे दर सापळा-रात्री १५० ग्रॅम. पुढच्या वर्षी त्याच माणसाने ६० सापळे ४ रात्री लावले आणि १२ किलो आणले. मासळी दुप्पट दिसते, पण सापळा-रात्री २४० आणि दरेकी ५० ग्रॅम. पाण्यातला मासा कमी झाला आहे आणि माणसाची मेहनत वाढली आहे. ‘पूर्वी इतकं फिरावं लागत नव्हतं’ हे वाक्य मुलाखतीत येईल, तेव्हा त्याच्या शेजारी ही वही ठेवा.

बोलताना

छापील प्रश्नावली शेवटी काढा. आधी वर्षाचं वर्तुळ जमिनीवर काढून खडे मांडायला सांगा: कुठल्या पाण्याला कुठला मासा, केव्हा हातात पैसा, केव्हा उसनवारी. व्यापारी बहुतेकदा आगाऊ पैसे किंवा डिझेल देतो आणि मासळी त्यालाच घालावी लागते. ही गाठ समजल्याशिवाय ‘मासेमार लहान मासा का सोडत नाही’ हा प्रश्न विचारणं अन्यायाचं आहे.

विजेचा झटका देऊन मासे धरणं (‘सेत्रुम’) आणि विष कालवणं हे तिथल्या कायद्याने गुन्हे आहेत. ‘तुम्ही करता का?’ असं कधीही विचारू नका. ‘या नदीवर असं चालतं का, आणि त्याचा तुम्हाला काय त्रास होतो?’ असं विचारा. नावं वहीत सांकेतिक ठेवा आणि संकेतांची किल्ली दुसऱ्या गावी. आगीबद्दलही तसंच. कोरड्या दिवसांत आग लागली की बोट पहिल्यांदा मासेमाराकडे वळतं, त्यामुळे हा विषय दुखरा असतो.

आणखी एक दुखणं म्हणजे बांध. पीट पुन्हा ओला व्हावा म्हणून जुने कालवे अडवले जातात, आणि ते योग्यच आहे, कारण सुकलेला पीट पेटतो. पण त्याच कालव्यांतून मासेमाराची होडी जाते. बांधावरून होडी ओढून न्यायची, इंजिन उतरवायचं, पुन्हा चढवायचं, दिवसातून चार वेळा. दोन्ही बाजू तुम्हाला आपल्याकडे ओढतील. तुमचं काम म्हणजे बांधाच्या वरचे आणि खालचे मासे मोजणं, होडीला लागणारा जादा वेळ घड्याळ लावून मोजणं आणि हे दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडणं. होडी सरकवायला उतार किंवा पाण्याला सांडवा ठेवायचा की नाही, हे मग त्या तक्त्यापुढे बसून ठरवता येतं.

जिवाची काळजी

एकट्याने जंगलात पाऊल टाकू नका. पीटवर मुळांच्या उंचवट्यांमध्ये कमरेएवढे खड्डे असतात. नावेत लाइफ जॅकेट, रात्री नदीत उतरायचं नाही (मगरी आहेत), वाऱ्यावादळात झाडांखाली थांबायचं नाही, कारण मऊ जमिनीत मुळं धरत नाहीत. धुराच्या दिवसांत एन-९५ मास्क लावा आणि धूर दाट झाला की काम सरळ थांबवा, तुमच्याबरोबरच्या माणसांचंही.

परत द्यायचं ते

निष्कर्ष छापण्याआधी गावात मांडा, धक्क्यावर, संध्याकाळी, आलेख मोठ्या कागदावर हाताने काढून. तुमचं कुठे चुकलं ते लोक सांगतील, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात. चांगल्या जागांचे जीपीएस आकडे छापू नका. दुर्मीळ बेट्टाचा पत्ता छापला गेला तर शोभेच्या माशांचे व्यापारी तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. बेजे कुणाची, कुठे, हेही गावापाशीच राहू दे. माशांचा फोटो-तक्ता स्थानिक नावांसह छापून शाळेत आणि धक्क्यावर लावा, वर फोटो देणाऱ्या घरांची नावं त्यांना विचारून.

निघताना मोजपट्टी काढून आणू नका. रोजचा आकडा लिहिणाऱ्या घराला कोऱ्या वह्यांचा गठ्ठा देऊन या आणि पुढच्या दोन वर्षांचं मानधन कुठून येणार ते निघायच्या आधी ठरवून ठेवा.